गौताळ्याची हद्द आणि गुरांची वाट

मंडळी, आपल्या देवगाव रंगारीहून उत्तरेला कन्नड ओलांडलं, की गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागतं. १९८६ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. म्हणजे हे रान निर्मनुष्य कधीच नव्हतं.

अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. माणूस बाहेर ठेवला तरच निसर्ग टिकतो, ही कल्पना तिथून पसरली. शोशोनींसारखे तिथले जुने रहिवासी बाहेर काढले गेले. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा बराचसा त्याच वाटेने गेला. पण त्यात एक फरक आहे बरं का. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी. अभयारण्यात मात्र नियमात बसेल तेवढी चराई चालू शकते. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईच्या जुन्या हक्कालाही जागा दिली.

दुष्काळात गुरं हद्दीवर येतात, तेव्हा प्रश्न खरा होतो. रान मोकळं सोडलं तर गवतही जातं नि बिबट्याही; बंद केलं तर गोठा उपाशी. रान किती चराई सोसेल, हे ठरवताना गुराख्यालाही बैठकीत बसवावं, असं आम्हाला वाटतं.