जन्म एका राज्यात, दाखला दुसऱ्यात

1950 साली बेळगावात जन्मलेल्या माणसाने घर हलवले नाही, तरी त्याच्या पत्त्यावरचे राज्य बदलत गेले. जन्म मुंबई राज्यातला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तो रातोरात म्हैसूर राज्याचा रहिवासी झाला. 1 नोव्हेंबर 1973 रोजी म्हैसूरचे कर्नाटक झाले. 1 नोव्हेंबर 2014 पासून तर बंगळूर, म्हैसूर, हुबळी अशा अकरा शहरांच्या जोडीने बेळगावचेही इंग्रजी कागदांवर ‘बेळगावी’ झाले. सीमाप्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, अमेरिकेतल्या मुलाने आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज भरला की तो प्रश्न फायलीत येऊन बसतो. शाळेच्या दाखल्यावर ‘मुंबई राज्य’, जुन्या पासपोर्टवर ‘बेळगाव’, नव्यावर ‘बेळगावी, कर्नाटक’. हे सगळे एकच गाव आहे हे व्हिसा अधिकाऱ्याला कोणीतरी समजावून सांगावे लागते.

या गोंधळाचे मूळ नावे बदलण्याइतकेच नोंदी ठेवण्याच्या रीतीत आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा 1969 सालचा आणि त्याची अंमलबजावणी 1 एप्रिल 1970 पासूनची. त्याआधी शहरांत नगरपालिकेची वही असे. खेड्यात कोतवालाने सांगितलेले जन्ममृत्यू ज्या वहीत उतरत, ती लोकांच्या तोंडी आजही ‘कोतवाल बुक’. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ती सापडलीच तर पुष्कळदा मोडीत असते आणि बाळाचे नाव बहुधा नसतेच. अमक्याला मुलगा झाला, एवढ्यावर नोंद संपते. म्हणून त्या पिढीचा खरा आधार म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यातही गंमत आहे. पाटी-पेन्सिल घेऊन आलेल्या पोराची जन्मतारीख गुरुजींनी सरसकट 1 जून लावून दिलेली, त्यामुळे महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवस असलेल्या आजोबांची वाण नाही. तारीख अशी अंदाजपंचे, पण जन्मस्थळापुढे गाव, तालुका, जिल्हा मात्र नीट लिहिलेला.

अमेरिकी वकिलातीला ही परिस्थिती ठाऊक आहे. 1970 पूर्वी जन्मलेल्या भारतीयाकडे जन्मदाखला नसेल तर नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे ‘नोंद आढळत नाही’ असे प्रमाणपत्र आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडता येतात. प्रतिज्ञापत्र करणारी आत्या किंवा काका जन्मगावाचे नाव त्यांच्या काळातले सांगतात. टंकलेखक आजचे टाकतो. फाटा फुटतो तो इथे.

मराठवाड्यात हा गुंता आणखी खोल जातो. 1955 साली लातुरात जन्मलेला माणूस हैदराबाद राज्यातला, उस्मानाबाद जिल्ह्यातला. पुढच्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1982 च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादमधून लातूर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. 2023 मध्ये मागे राहिलेल्या उस्मानाबादचे धाराशिव झाले. म्हणजे त्याच्या दाखल्यावर जो जिल्हा आहे त्यात त्याचे गाव आता नाही, आणि त्या जिल्ह्याचे ते नावही आता नाही. त्याच्या वडिलांचे कागद काढावेत तर ते निजामाच्या काळातले, उर्दूत लिहिलेले, फसली सनाचे. फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, हे जाणणारा आणि उर्दू वाचणारा माणूस आधी गाठावा लागतो. अंबाजोगाईच्या माणसाला तर कागदात गाव शोधताना ‘मोमिनाबाद’ पाहावे लागते.

गावाचे नाव बदलण्यालाही शिस्त आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने 1953 साली ठरवून दिलेल्या रीतीप्रमाणे राज्याचा प्रस्ताव दिल्लीला जातो. रेल्वे, टपाल आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांची हरकत नाही ना, हे पाहिले जाते, मग राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढते. राज्याचेच नाव बदलायचे तर संसदेचा कायदा लागतो. ही अधिसूचना परदेशी जाणाऱ्याच्या फायलीतला सर्वांत कामाचा कागद ठरते, कारण जुने नाव आणि नवे नाव एकाच पानावर, तारखेसह, सरकारी शिक्क्याखाली तिथेच सापडते. लोक मात्र तिच्याकडे वळत नाहीत. त्यांची धाव असते जुना दाखला ‘दुरुस्त’ करून घेण्याकडे. हा उलटा रस्ता आहे. 1969 च्या कायद्यात नोंदीतली चूक सुधारण्याची सोय आहे खरी, पण 1950 साली ‘बेळगाव’ लिहिणाऱ्याने चूक केलेली नव्हती. तेव्हा गावाचे नाव तेच होते. नव्या नावाचा ताजा दाखला जुन्या दाखल्याशी जुळेनासा होतो आणि ज्या शंका नव्हत्या त्या अधिकाऱ्याच्या मनात उभ्या राहतात. जुना कागद जसाच्या तसा ठेवावा, शेजारी राजपत्राची प्रत आणि दोन्ही नावे एकाच गावाची असल्याचे प्रतिज्ञापत्र लावावे, हे अनुभवी एजंट सांगतात आणि त्यांचे बरोबर आहे.

मुंबईची कथा त्या मानाने सोपी, कारण बदल जगाला ठाऊक आहे. 1995 मध्ये इंग्रजीतल्या ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले, 1996 मध्ये विद्यापीठानेही नाव बदलले. मराठी शाळांच्या दाखल्यांवर मात्र आधीपासून मुंबईच होती, त्यामुळे गिरगावातल्या एकाच माणसाचा महापालिकेचा इंग्रजी दाखला आणि शाळेचा मराठी दाखला 1995 पूर्वीही वेगळे बोलत. उच्च न्यायालय आजही बॉम्बेच आहे. तिथून मिळालेला आदेश फायलीत लागला की जुने नाव पुन्हा वर येते.

गोव्यात प्रकरण निराळेच, कारण तिथे जुन्या नावांनाच किंमत आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात, दमणमध्ये किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. त्यासाठी आजोबांच्या जन्माची पोर्तुगीज काळातली नोंद गोव्याच्या निबंधकाकडून काढून लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवावी लागते. त्या नोंदीत पणजी कुठे ‘पांजिम’, कुठे ‘नोव्हा गोवा’, कारण 1843 पासून राजधानीचे अधिकृत नाव तेच होते. मडगाव ‘मारगांव’च्या वळणाने लिहिलेले, तिसवाडी ‘इल्हास’ या नावाने. नातवाच्या भारतीय जन्मदाखल्यावर मात्र तालुका तिसवाडी आणि प्रदेश ‘गोवा, दमण आणि दीव’, कारण 1987 च्या 30 मेपर्यंत गोवा केंद्रशासित होता. तीन पिढ्यांचे कागद एकाच घराचे असून एकाही जागेचे नाव जुळत नाही, अशी फाईल म्हापशाच्या किंवा मडगावच्या वकिलांना नवी नसते. मग परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल शिक्का. तो भारतात 2005 पासून मिळतो. पण अपोस्टिल हमी देतो ती कागदावरच्या सहीची आणि शिक्क्याची. आत लिहिलेले इल्हास म्हणजेच तिसवाडी, हे तो सांगत नाही.

परदेशी सरकारांचेही एकमत नाही. अमेरिकेत नागरिकत्वाचा अर्ज भरताना जन्माच्या वेळी देशाचे जे नाव होते ते लिहायला सांगतात, मग तो देश आता नसला तरी चालते. त्याच अमेरिकेच्या व्हिसा लॉटरीत मात्र जन्मस्थळाच्या देशाचे आजचे नाव मागतात. भारतीय पासपोर्टच्या अर्जात फाळणीपूर्वी आज पाकिस्तानात किंवा बांगलादेशात असलेल्या गावी जन्मलेल्यांसाठी ‘अविभाजित भारत’ असा पर्याय आहे. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि कराचीत मराठी घरे होती. तिथे जन्मलेल्यांच्या कागदांवर मुंबई इलाखा आणि कराची एका ओळीत येतात.

नोकरीच्या मार्गाने अमेरिकेचे ग्रीन कार्ड मागणाऱ्यांच्या बाबतीत तर जन्मस्थळाच्या ओळीला पैशांइतके वजन आहे. तिथली रांग नागरिकत्वावर चालत नाही, जन्मदेशावर चालते, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सुमारे 7 टक्क्यांहून अधिक व्हिसा येत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे भारताच्या रांगेत अडकलेल्या पुण्याच्या अभियंत्याची बायको वडिलांच्या नोकरीमुळे कुवेतमध्ये जन्मलेली असेल, तर तिच्या जन्मदाखल्यावर दोघेही कुवेतच्या रांगेत उभे राहू शकतात, आणि ती रांग भारताच्या रांगेपेक्षा पुष्कळच आखूड असते.