अनुशेष उर्फ बॅकलॉग

दर तिमाहीच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसात तोच सोहळा. एक्सेल शीट उघडायची, डावीकडे ग्राहकांनी मागितलेली सत्तर-ऐंशी फीचर्स, उजवीकडे गुण. किती लोकांना उपयोग, किती मोठा उपयोग, किती मेहनत. गुणाकार, भागाकार, सॉर्ट, आणि वरची दहा उचलायची. याच्या बऱ्याच पद्धती आहेत, कुणी राईस वापरतं, कुणी मॉस्को. (ही मॉस्को पद्धत ओरॅकलमधल्या डाय क्लेग यांनी 1994 साली काढली. साल लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) जे काम करायचं राहिलेलं असतं, त्याला आपण बॅकलॉग म्हणतो.

आता गंमत बघा. मी मूळचा हिवरा आश्रमकडचा. तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. आमच्याकडे हा शब्द कॉम्प्युटर गावात यायच्या आधीपासून पारावर आहे, फक्त मराठीत: अनुशेष. सरकारी इंग्रजी अहवालांत त्याला चक्क बॅकलॉगच म्हटलंय. महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी प्रायॉरिटी शीट आपल्या आधी एका अर्थशास्त्रज्ञाने बनवली होती.

पार्श्वभूमी थोडक्यात. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. विदर्भ, मराठवाडा संयुक्त राज्यात येतील, पण त्यांच्या विकासाकडे नीट लक्ष दिलं जाईल असं ठरलं. 1956 मध्ये घटनेत कलम 371(2) आलं, 1960 ला राज्य झालं. नंतर वीसेक वर्षं नुसती भांडणं. आमच्याकडे रस्ता नाही, तुमच्याकडे कालवे. प्रत्येक आमदाराकडे आपापले आकडे. प्रॉडक्ट मीटिंगमध्ये सेल्सवाला आणि सपोर्टवाला भांडतात ना, अगदी तसं.

मग 1983 मध्ये सरकारने वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दांडेकर म्हणजे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले, नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्यावर 1971 मध्ये गाजलेला अभ्यास करणारे. 1984 मध्ये अहवाल आला. पद्धत इतकी साधी की पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, एवढंच? एक क्षेत्र घ्या, समजा रस्ते. राज्याची सरासरी काढा. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट मोजा. ती भरून काढायला किती खर्च येईल ते रुपयांत मांडा. झाला अनुशेष. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, सगळ्याला हेच माप. बेरीज आली सुमारे 3,187 कोटी रुपये. त्यात विदर्भ साधारण 1,247 कोटी, मराठवाडा 751, उर्वरित महाराष्ट्र 1,189.

सिंचनाचं माप तर मला फारच आवडतं. एका हेक्टर उसाला लागणारं पाणी आणि एका हेक्टर ज्वारीला लागणारं पाणी सारखं कसं धरणार? म्हणून सगळं एका काल्पनिक मापात बदलायचं: रब्बी समतुल्य हेक्टर. मंडळी, हे आपले स्टोरी पॉइंट्सच की!

आणि खरी मेख एका छोट्या नियमात आहे. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याला शून्य, उणे गुण नाहीत. म्हणजे पुढे असलेल्या जिल्ह्याने शेजारच्या मागासलेल्या जिल्ह्याची तूट झाकायची नाही. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राचे दुष्काळी जिल्हेही यादीत आले आणि उर्वरित महाराष्ट्राचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. संपूर्ण प्रदेश एकक धरला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. विदर्भातले लोक यावर चिडले, ते स्वाभाविकच होतं. पण मला विचाराल तर दांडेकर बरोबर होते. आटपाडीच्या माणसाची तहान कोल्हापूरच्या पाण्याने भागत नाही. शिवाय हिशेब साधा असल्याने मेहकरचा मास्तरही तो वहीवर करून बघू शकत होता. भांडण थांबलं नाही, पण निदान सगळे एकाच आकड्यावर भांडायला लागले.

आता ते 1994. त्या वर्षी वैधानिक विकास मंडळं आली, आणि पुढच्या निर्देशांक व अनुशेष समितीने मोजणीसाठी तारीखही 1 एप्रिल 1994 हीच धरली. नवा आकडा सुमारे 14,007 कोटी. दहा वर्षांत किंमती वाढल्या हे खरं, पण विदर्भाचा वाटा 39 टक्क्यांवरून 47 वर गेला त्याचं काय? एक कारण पद्धतीतच आहे. सरासरी ही सरकणारी रेघ असते. तुम्ही धावता, रेघही धावते.

मग 2001 मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधी कुठे किती द्यायचा याचे निर्देश काढले आणि पैसा खरंच वळू लागला. पण 1994 च्या किंमतीत मोजलेले रुपये खर्च झाले की कागदावर अनुशेष संपला! याला 'आर्थिक अनुशेष' म्हणतात. जमिनीवर पाणी पोचलंय का, तो 'भौतिक अनुशेष'. सिंचनाचा भौतिक अनुशेष राहिला तो अमरावती, अकोला, वाशिम आणि आमचा बुलडाणा या चार जिल्ह्यांत. बजेट संपलं, फीचर शिप झालंच नाही. नांदुरा तालुक्यातला पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प बघा: नव्वदच्या दशकात सुमारे 700 कोटींचा होता, पुढे 13 हजार कोटींच्या पार गेला. भूसंपादन, गावांचं पुनर्वसन, हे कुठल्याच रँकिंगच्या रकान्यात नव्हतं. गरज किती हे शीट सांगत होती, मेहनत किती हे नाही.

आणि समजा जिगाव उद्या पूर्ण झाला, तरी हिवरा आश्रमला काय? बुलडाण्यात राहिलेल्याला घाटावर आणि घाटाखाली हा भेद शिकवावा लागत नाही. घाटाखालचं पाणी पूर्णेतून तापीला जातं. आमचं घाटावरचं पैनगंगेतून गोदावरीकडे. आमच्या वाट्याला कोराडी आणि पेनटाकळी. शीटवर मात्र हे सगळं मिळून एकच ओळ: बुलडाणा. म्हणजे दांडेकरांनी प्रदेशाची सरासरी फोडून जिल्हा बाहेर काढला, आणि जिल्ह्याची सरासरी पुन्हा तालुक्यांना झाकत राहिली.

हे विजय केळकर समितीच्या लक्षात आलं होतं. 2011 मध्ये नेमलेल्या या समितीने 2013 मध्ये अहवाल दिला आणि तालुका हे एकक सुचवलं. त्यावरही वाद झालेच, कारण एकक बदललं की यादीतले नंबर बदलतात आणि नंबर बदलले की पैसे. विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मेहकर तालुक्याची स्वतंत्र ओळ असती तर ती कितव्या नंबरवर आली असती, हे करून बघायला एक शनिवार पुरेल असं वाटतंय. सिंचनाचे आकडे जमवायला घेतलेत, रब्बी समतुल्यात बदलायचं काम बाकी आहे.