वर्दी कुणाला?

इचलकरंजीच्या गल्लीतून जाताना यंत्रमागांचा खडखडाट कानाला सोडत नाही. त्या गोंगाटातही एखादा माग मध्येच थांबतो. त्याला कुणी हात लावलेला नसतो. धोट्यातली कांडी संपलेली असते किंवा आडवा धागा तुटलेला असतो, आणि ते मागालाच कळलेलं असतं. नेटवर्कवर नजर ठेवणं हे माझं काम. कुठली लिंक पडली तर वर्दी कुणाकडे जायची, याच्या ओळी मी रोज कमांड लाईनवर लिहितो. या कामाचं मूळ मला मागाच्या त्या थांबण्यात दिसतं.

या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला आधार दिला आणि पंचगंगेकाठी कापडाचं शहर वाढलं. धागा तुटताच थांबायची युक्ती मात्र त्याहून जुनी. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो या दोघांनी १८४२च्या सुमारास जो लँकेशायर माग घडवला, त्यात ती होती. मागाच्या एका कडेला छोटा काटा असतो. धोटा धागा टाकून गेला की तो धागा काट्याच्या दातांना रेटतो आणि काट्याची शेपटी वर उचलली जाते. धागा नसेल तर दातांना रेटायला कुणी नाही, शेपटी खालीच राहते. मागून येणारा हातोडा तिला खाचेत पकडून ओढतो, हँडल सुटतं, माग बंद. वीज नाही, दिवा नाही. धाग्याचा नुसता स्पर्श आहे की नाही, एवढ्यावर सगळं चालतं. मला हा काटा फार मोलाचा वाटतो. काही घडलं की कळणं सोपं असतं. जे घडायला हवं होतं ते घडलं नाही, हे या काट्याला कळतं.

पण माग फक्त थांबतो, बोलत नाही. पुढचं माणसावर. कांडी संपली असेल तर कामगार ती बदलतो, मागाची मोडतोड असेल तर माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक जाते. कुणी कुणाला सांगायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण शेडमधल्या प्रत्येकाला पाठ असतं.

कॉम्प्युटरांच्या जगात हे पाठांतर चालेना. यंत्र एका गावात, बघणारा दुसऱ्या गावात. १९८०च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन सेंडमेल हा टपालाचा प्रोग्राम लिहीत होते. त्याच कामातून यंत्रांतल्या घडामोडींची नोंद ठेवणारं सिसलॉग निघालं. त्याची सेटिंगची फाईल आजही वाचावी अशी आहे. प्रत्येक ओळीत डावीकडे काय घडलं, उजवीकडे ते कुणाला कळवायचं. उजवीकडे एखादी फाईल येते, दुसरं यंत्र येतं, नाहीतर सरळ माणसाचं नाव. शेडमधला तोंडी रिवाज इथे पहिल्यांदा कागदावर यावा तसा ओळीत आला. जुन्या सिसलॉगमध्ये या दोन भागांमध्ये टॅबच लागायचा. स्पेस दिली तर ती ओळ काम करायची नाही. वर्दीचा पत्ता लिहिलेला दिसतो, पण वर्दी जात नाही.

१९८८ साली नेटवर्कमधल्या यंत्रांवर देखरेख ठेवण्यासाठी एसएनएमपी आलं. राउटर-स्विचनं आपणहून पाठवायच्या संदेशाला त्यात ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो घेणारं यंत्र १६२ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसतं. नेट-एसएनएमपी या प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाईलमध्ये त्या यंत्राचा पत्ता ‘ट्रॅपसिंक’ या शब्दापुढे लिहितात. ट्रॅप पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही. वाटेत हरवला तर हरवला. ही उणीव भरायला पुढच्या आवृत्तीत, १९९३ साली, पोच मागणारा ‘इन्फॉर्म’ आला.

पोच यंत्राची मिळते, माणसाची नाही. मी सांभाळत असलेल्या एका ठिकाणी रात्री स्विच बंद पडला. वर्दी वेळेवर निघाली, पोचलीही; पण यादीतला मोबाईल नंबर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होता. सकाळी कामगार आले तेव्हा आम्हाला कळलं. चूक माझी होती. पत्ते पडद्यावरच्या खिडक्यांमध्ये, एकेका बटणामागे विखुरलेले होते, आणि जुना नंबर काढायचा राहून गेला होता. तेव्हापासून पत्ते ओळींत लिहिण्याचा मी आग्रह धरतो. ओळ वाचता येते, शोधता येते, चाळीस यंत्रांवर तशीच नेता येते, आणि ती कुणी कधी बदलली याची नोंद ठेवता येते.

आता तर आधीच विचारायची सोय झाली आहे. प्रोमेथियस या देखरेखीच्या प्रणालीतल्या, वर्दी पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरसोबत ‘एएमटूल’ नावाची कमांड येते. अमुक बिघाड झाला तर वर्दी कुणाकडे जाईल, असं तिला विचारलं की ती ठरलेल्या वाटेवरच्या नावानं उत्तर देते. धागा तुटायची वाट बघावी लागत नाही.

इचलकरंजीच्या जुन्या राजवाड्यात डीकेटीईचं कॉलेज १९८२पासून चालू आहे. वस्त्रोद्योग आणि कॉम्प्युटर, दोन्ही विद्या या संस्थेत शिकवतात. नेटवर्क शिकणाऱ्या मुलांनी एकदा मागापाशी उभं राहून तो काटा बघावा, असं मला मनापासून वाटतं. आणि तुमच्याकडे सर्व्हर असो की पाण्याच्या टाकीचा भोंगा, वर्दीच्या यादीतला पहिला नंबर आज एकदा लावून बघा.