शब्दांची संगत : 'टेक' या इंग्रजी क्रियापदाच्या निमित्ताने शब्दसाहचर्याच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

'आय गेव्ह माय एक्झाम' हे वाक्य आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यात व लेखनात वारंवार आढळते. तपासणारा प्राध्यापक त्याखाली तांबडी रेघ ओढतो आणि समासात 'व्याकरण' असा शेरा लिहितो. वास्तविक या वाक्यात व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नाही. कर्ता, क्रियापद, काळ व कर्म आपापल्या जागी आहेत. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' व शिक्षक ती 'घेतो'. प्रमाण इंग्रजीत मात्र विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो व शिक्षक ती 'गिव्ह' करतो. म्हणजे येथे दोष नियमाचा नसून शब्दाच्या संगतीचा आहे. या संगतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'शब्दसाहचर्य' ही संज्ञा वापरली आहे. या साहचर्याच्या अभ्यासाला चालना मुख्यत्वे इंग्रजी ज्यांना परकी होती अशा शिकणाऱ्यांच्या अडचणींतून मिळाली, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

एका क्रियापदाचा प्रवास

'टेक' हे क्रियापद मुळात इंग्रजीचे नव्हे. जुन्या इंग्रजीत 'घेणे' या अर्थी 'निमन' हे क्रियापद रूढ होते. जर्मन भाषेतील 'नेमेन' हे त्याचेच भावंड. स्कँडिनेव्हियन लोकांनी इंग्लंडमध्ये वस्ती केल्यानंतर त्यांच्या भाषेतील 'टाका' हे क्रियापद इंग्रजीत शिरले आणि पुढील काही शतकांत त्याने 'निमन'ला पूर्णपणे हुसकावून लावले. 'बधिर' या अर्थाच्या 'नम' या विशेषणात जुन्या क्रियापदाची खूण उरली आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून 'करेज', 'पिटी', 'अ‍ॅडव्हान्टेज' अशी नामे इंग्रजीत आली आणि 'टेक'ने त्यांच्याशीही सोयरीक जुळविली. अशा जोड्यांत क्रियापदाचा मूळ अर्थ पातळ होत जातो. 'टेक अ वॉक' या प्रयोगात कोणी काही हातात घेत नाही. अर्थाचा भार 'वॉक' हे नाम वाहते, क्रियापद केवळ त्याला आधार देते.

या जोड्या तर्काने ठरत नाहीत, रूढीने ठरतात. अमेरिकन माणूस स्नानासाठी 'टेक' वापरतो, तर ब्रिटिश माणूस बहुधा 'हॅव्ह' वापरतो. निर्णयाबाबत अमेरिकेत 'मेक' रूढ आहे; ब्रिटनमध्ये 'मेक' व 'टेक' दोन्ही चालतात. यांपैकी एक बरोबर व दुसरे चूक असे सांगणारा कोणताही नियम व्याकरणात सापडत नाही.

जॉन्सन ते पामर

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात 'टेक'च्या शंभराहून अधिक अर्थच्छटा नोंदविल्या. अधिक महत्त्वाचे म्हणजे कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याच्या इंग्रजीच्या सवयीमुळे परकीयांची सर्वाधिक अडचण होते, असे त्यांनी नमूद केले. अशा प्रयोगांच्या उदाहरणांत 'टेक ऑफ'चाही समावेश आहे. स्वभाषकाला जे श्वासाइतके सहज असते, ते दिसण्यासाठी परक्याची दृष्टी लागते, हे या कोशकाराने अठराव्या शतकातच ओळखले होते.

या जाणिवेला पद्धतशीर अभ्यासाचे रूप मिळाले ते मात्र लंडनमध्ये नव्हे, तर टोकिओमध्ये. हॅरल्ड पामर हे १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून तेथे गेले आणि १९२३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली. जपानी विद्यार्थ्यांना शब्द येत आणि व्याकरणही येत असे. तरीही त्यांचे वाक्य इंग्रजी वाटत नसे. पामर यांनी १९३३ मध्ये इंग्रजी शब्दसाहचर्यावरील विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. अशा जोड्या सुट्या शब्दांपासून रचण्याऐवजी एकसंध शब्दाप्रमाणे शिकाव्यात, ही त्यांची भूमिका होती. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी हे काम पुढे नेले. त्यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश १९४२ मध्ये टोकिओत प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने स्वीकारला आणि पुढे जगभरच्या, आपल्याही, ग्रंथालयांत पोहोचला. आपण ज्याला इंग्लंडचा कोश मानतो, त्याची घडण अशा रीतीने आशियातील वर्गखोल्यांत झाली.

लाहोर, लंडन, बर्मिंगहॅम

शब्दसाहचर्याला भाषाविज्ञानात सैद्धान्तिक स्थान दिले ते जे. आर. फर्थ यांनी. १९२० च्या दशकात ते लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनमध्ये सामान्य भाषाविज्ञानाचे अध्यासन त्यांनी भूषविले. शब्दाच्या अर्थाचा एक भाग तो नेहमी कोणत्या शब्दांच्या सहवासात येतो यातच असतो, हा विचार त्यांनी १९५१ मध्ये मांडला.

हा विचार पडताळून पाहण्यास संगणकाची वाट पाहावी लागली. जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात १९८० मध्ये 'कोबिल्ड' प्रकल्प सुरू केला व १९८७ मध्ये त्याचा पहिला कोश प्रकाशित झाला. प्रत्यक्ष वापरातील लक्षावधी शब्द तपासल्यावर असे दिसले की, 'टेक'सारखे अतिपरिचित शब्द स्वतंत्र अर्थाने कमी आणि ठरीव जोड्यांत अधिक येतात. स्वभाषकाला 'टेक'चा अर्थ विचारला तर तो हाताने घेण्याची क्रिया सांगेल. त्याच्या लेखनात मात्र 'टेक प्लेस', 'टेक पार्ट', 'टेक केअर' असेच प्रयोग भरलेले असतात. हा कोशही प्रामुख्याने परभाषक विद्यार्थ्यांसाठीच रचलेला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाने १९६१ मधील मुद्रित लेखनातून दहा लाख शब्दांचा संगणकीय संचय सिद्ध केला होता. त्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ मधील भारतीय इंग्रजी लेखनाचा दहा लाख शब्दांचा संचय तयार झाला. 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने तो जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. भारतीय इंग्रजी ही केवळ चुकांची यादी नसून स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही भूमिका त्यामागे होती.

मराठी विद्यार्थ्याचे भांडवल

या पार्श्वभूमीवर आपल्या वर्गाकडे पाहू. भाग घेणे, काळजी घेणे, शपथ घेणे, सूड घेणे, नोंद घेणे, श्वास घेणे या सर्व ठिकाणी मराठीचे 'घेणे' व इंग्रजीचे 'टेक' हातात हात घालून चालतात. येथे विद्यार्थ्याला नव्याने काही शिकावयाचे नाही. वाटा फुटतात त्या इतरत्र. आपण फोटो 'काढतो', आपल्याला वेळ 'लागतो', घटना 'घडते'. इंग्रजी मात्र तिन्ही ठिकाणी 'टेक'कडेच वळते. उलट आपण आढावा 'घेतो', पण इंग्रजीत 'रिव्ह्यू' हे एकटे क्रियापद पुरते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसाच्या अनेक पिढ्या पोसल्या. तेथे भाषांतराच्या निमित्ताने दोन भाषा समोरासमोर येत. आज ती तुलना जाणीवपूर्वक क्रियापदांच्या जोड्यांपर्यंत नेण्याची गरज आहे.

समारोप

सारांश, 'परीक्षा देणे' या मराठी प्रयोगाची सावली इंग्रजी वाक्यावर पडते तेव्हा विद्यार्थ्याचे अज्ञान नव्हे, तर त्याचे मातृभाषेचे ज्ञान प्रकट होत असते. अशाच सावल्यांचा टोकिओत गांभीर्याने विचार झाला आणि त्यातून कोशविद्येला नवी दिशा मिळाली. समासात 'व्याकरण' असा शेरा लिहिणे सोपे आहे; परंतु तो शेरा चुकीचा आहे आणि चुकीच्या निदानावर उपचारही चुकीचाच होतो. विद्यार्थी नियम पुन्हा पाठ करतो आणि पुढील वर्षी पुन्हा परीक्षा 'गिव्ह' करतो. त्याऐवजी त्याला मराठी व इंग्रजी जोडी शेजारी शेजारी मांडून दाखविली, तर त्याला इंग्रजी शब्दाची संगत कळेल आणि स्वतःच्या भाषेतील शब्द कोणाच्या सोबतीने राहतात, याकडेही तो प्रथमच लक्ष देऊ लागेल.