पराभव स्वतःच्या नावे मांडणारा सेनापती

पानिपतावरील 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना एक गोष्ट जाणवते. तेथे पराभव सांगणारा निराळा आणि पराभूत सेनानी निराळा. भाऊसाहेब रणातून परतलेच नाहीत. त्यांची बाजू त्यांच्या तोंडून आपल्याला कधीच कळली नाही. फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांचा 'डिफीट इन्टु व्हिक्टरी' (१९५६) हा ग्रंथ आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो या संदर्भात. येथे हरलेला सेनापतीच निवेदक आहे.

स्लिम (१८९१–१९७०) सरदारघराण्यातले नव्हते. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार बसला. मुलाने काही काळ प्राथमिक शाळेत शिकवले, मग कारकुनी केली. १९१४ च्या महायुद्धाने त्यांना अधिकारपद दिले. गॅलिपोलीत ते जखमी झाले आणि पुढे ब्रिटिश हिंदी सैन्यातील गुरखा पलटणीत आले. पगार अपुरा पडे म्हणून 'अँथनी मिल्स' या टोपणनावाने ते मासिकांत कथा लिहीत. त्यांच्या गद्याचा साधेपणा या उमेदवारीत घडला असावा, असा आमचा तर्क आहे.

मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशातील सैन्य त्यांच्या हाती आले, ते माघार घेण्यासाठीच. सुमारे नऊशे मैलांची ती पिछेहाट झाली. पुढे चौदाव्या सेनेचे प्रमुख म्हणून त्यांनी १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमा राखले व १९४५ मध्ये ब्रह्मदेश परत जिंकला. १९४८ मध्ये ते ब्रिटनचे सरसेनापती झाले; १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते.

ग्रंथात मात्र या चढत्या भाजणीपेक्षा चुका अधिक लक्षात राहतात. १९४० मध्ये सुदानच्या सीमेवर, गल्लाबात येथे, दोन मार्गांपैकी आपण धाडसाचा निवडला नाही, हे ते अन्यत्र सांगतात. कोहिमावर जपानी एखादी रेजिमेंट पाठवतील असा त्यांचा अंदाज होता. आली अख्खी डिव्हिजन. ही चूक ते कोणा हाताखालच्यावर ढकलत नाहीत.

तरीही या कबुलीला एक कुंपण आहे. चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते. इंफाळच्या वाटेवर सांगशाक येथे मराठा पलटणही लढली. समोर जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होती. तिच्याविषयी स्लिम फारशा आदराने लिहीत नाहीत. सैनिकांच्या शौर्याला ते मनापासून दाद देतात. परंतु पारतंत्र्यातला माणूस राज्यकर्त्यासाठी का लढतो, या प्रश्नापाशी त्यांची लेखणी फारशी रेंगाळत नाही.

रणांगणावरील स्वतःचा दोष दिसणे सोपे नाही. तो स्लिमना दिसला. ज्या साम्राज्यासाठी ते रणांगण उभे राहिले, त्याचा दोष दिसणे त्याहून अवघड असते. आत्मकथन आणि इतिहास यांतील अंतर शिकवताना हा ग्रंथ हाताशी ठेवावा तो या दोन्ही कारणांसाठी. आणि सांगशाकच्या त्या मराठी शिपायाची बाजू? तिच्यासाठी भाऊसाहेबांप्रमाणेच आपल्याला दुसऱ्या कोणाच्या लेखणीवर विसंबावे लागते.