बॅटरीला घाई चालत नाही

गेल्या शनिवारी बाइकची बॅटरी बदलली. आधीची जेमतेम आठ महिने टिकली होती. तक्रार घेऊन दुकानात गेलो, तर काकांनी उलट मलाच विचारलं, "ॲसिड भरल्यावर चार्जिंगला लावू दिली होती का तुम्ही?"

नव्हती. त्या दिवशी मित्रांबरोबर ताम्हिणीला जायचं होतं. ॲसिड भरून घेतलं, दहा मिनिटांत बॅटरी बसवली, बटण दाबलं, गाडी सुरू. झालं की काम! (टेस्टिंग न करता रिलीज करायची सवय, दुसरं काय.)

या वेळी मी गप्प उभा राहून बघितलं. काकांनी सहा खणांची सहा बुचं काढली, खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे येईल इतकं ॲसिड प्रत्येक खणात ओतलं, बुडबुडे निघावेत म्हणून डबा हलकेच ठोकला. "आता अर्धा तास प्लेटा ॲसिड पितील. मग पातळी बघून चार्जिंगला. उद्या न्या साहेब."

ही 'उद्या'ची भानगड काय, म्हणून घरी येऊन वाचत बसलो आणि थेट १८५९ सालच्या फ्रान्समधे पोचलो.

गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या वर्षी शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत अशी सोय करून त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक ॲसिडमधे बुडवली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी ती हीच. गंमत म्हणजे तेव्हा चार्ज करायला कामाचा डायनामोच नव्हता, दुसऱ्या, एकदाच वापरायच्या बॅटऱ्यांवर ही चार्ज करावी लागे! शिवाय साध्या पत्र्यात वीज फारशी मावत नसे. चार्ज करा, उतरवा, पुन्हा चार्ज करा, असं महिनोन्‌महिने केल्यावर कुठे पत्र्याचा पृष्ठभाग सच्छिद्र होऊन कामाचा होई.

हा वेळ वाचवला कामीय फोर याने, १८८१ च्या सुमारास. त्याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप आधीच पत्र्यावर थापला. त्यासाठी वापरलेलं तांबडं ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूर! मग महिन्यांचं काम तासांवर आलं आणि बॅटऱ्या कारखान्यात बनू लागल्या.

पण गाडी सुरू करणं वेगळंच. १९१२ च्या कॅडिलॅकमधे चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला, तो चालला. ते बघून इंडियन (नाव इंडियन, कंपनी अमेरिकन) या मोटरसायकल कंपनीने १९१४ साली बटणस्टार्टची 'हेंडी स्पेशल' बाजारात आणली. दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या होत्या, पण त्यांना तो भार झेपेना. एका वर्षात ते मॉडेल बंद! मोटरसायकलवाले पुढे कित्येक दशकं किकच मारत राहिले.

आता माझ्या आठ महिन्यांचा हिशेब. दुकानात कोरडी मिळणारी बॅटरी कारखान्यात चार्ज करून, धुऊन, वाळवून पाठवलेली असते. म्हणजे प्लांतेचं काम आधीच उरकलेलं. पण डबा पडून असताना दमट हवेने निगेटिव्ह प्लेटा हळूहळू ऑक्सिडाइज होतात. ॲसिड भरल्याबरोबर गाडी सुरू होते खरी, पण बॅटरी पूर्ण भरलेली नसते. उरलेला चार्ज सावकाश, क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतक्या करंटने द्यावा लागतो. तो दिला नाही आणि गाडी गावातल्या गावात फिरवली, तर बॅटरी अर्धवटच राहते. मग प्लेटांवर लेड सल्फेटचे घट्ट खडे धरतात, आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणजे बॅटरी मी पहिल्याच दिवशी मारली होती, फक्त कळायला आठ महिने लागले.

रविवारी काकांनी बॅटरी बसवून दिली, हवेची नळी कुठे दुमडली नाहीये ना ते बघितलं, आणि बजावलं, "यापुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड नाही." बरोबरच आहे, उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

जुनी बॅटरी त्यांनी ठेवून घेतली, तिचे पैसे बिलातून वळते केले. तिचं शिसं वितळून पुन्हा कुणाच्या तरी बॅटरीची प्लेट होईल. त्या माणसाला राइडची घाई नसो, एवढीच इच्छा!