होड्या आणि लॉऱ्या

शाळेंत इतिहास शिकवितांना १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळापाशीं मी नेहमीं थबकत असें.

१९४२ सालीं जपानी सैन्यानें ब्रह्मदेश घेतला. शत्रूच्या हातीं वाहनें पडूं नयेत, म्हणून लष्कराच्या आग्रहानें बंगालच्या किनारी भागांतील, दहांहून अधिक माणसें वाहणाऱ्या होड्या काढून घेण्यांत वा नष्ट करण्यांत आल्या. युद्धाच्या दृष्टीनें तें योग्यही असेल. पण त्या जलमय प्रदेशांत होडी हीच बैलगाडी! कोळ्याची उपजीविका बुडाली, तांदुळाची ने-आण खुंटली. दुष्काळाचीं कारणें अनेक होतीं. त्यांत ही भर पडली.

पुढें १९४३ च्या ऑक्टोबरांत नवे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल कलकत्त्यास गेले आणि त्यांनीं लष्कराला मदतीस लाविलें. लष्करी लॉऱ्यांतून धान्य जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊं लागलें; लष्करी डॉक्टर खेड्यांत पोंचले. परंतु कोणत्या घरीं चूल पेटली नाहीं, हें सैनिकाला कसें कळावें? तें ठाऊक असणार गांवच्या माणसांना आणि अन्नछत्रें चालविणाऱ्या सेवकांना.

सरकारी चौकशी आयोगानें मृतांची संख्या सुमारें १५ लक्ष धरिली. पुढील कांहीं अभ्यासकांनीं ती ३० लक्षांपर्यंत नेली. मदत आली, पण फार उशिरां.

लष्करापाशीं सामर्थ्य असतें, सेवकापाशीं माहिती. या दोघांची गांठ संकटानंतर पडून भागत नाहीं. होड्या नेण्यापूर्वींच कोळ्याच्या पोटाचा विचार व्हावयास हवा होता.